सेव्ह न केलेलं कुणाचं असतं?

माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या टीमचा एक डेव्हलपमेंट सर्व्हर होता आणि त्यावर सात जणांना मिळून एकच लॉगिन. पासवर्ड व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात लिहिलेला असायचा. सर्व्हरवर नोट्सची एक सामायिक फाइल होती. डिप्लॉयमेंटच्या पायऱ्या, कुठला पोर्ट कशासाठी, असलं सगळं त्यात. विममध्ये उघडायची, काय ते टिपायचं, बंद करायची.

एका संध्याकाळी मी घरून काम करत होते आणि ती फाइल समोर उघडी होती. त्याच दिवशी मीटिंगमध्ये टीम लीडने माझं तीन आठवड्यांचं काम स्वतःचं म्हणून मांडलं होतं. मॅनेजरला मेल लिहायचा होता, पण मेलच्या खिडकीत लिहायची भीती वाटत होती. चुकून सेंड झाला तर? म्हणून नोट्सच्या तळाशी, रिकाम्या जागेत, कच्चं लिहायला घेतलं. बारा-पंधरा ओळी झाल्या. त्यात खरं होतं तसं रागाच्या भरातलंही होतं. लीडच्या इंग्रजीबद्दल एक वाक्य होतं, त्याची मला आजही लाज वाटते.

मग हॉटस्पॉट तुटला. टर्मिनल गोठलं. मी लॅपटॉप मिटला आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. फाइल सेव्ह केलीच नव्हती. म्हणजे मी ते लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीड माझ्या डेस्कपाशी आला. "अगं, नोट्सच्या फाइलमध्ये तुझं काहीतरी राहिलंय. उघडली तर रिकव्हर करू का विचारत होतं, मी हो म्हटलं. तू बघून घे." एवढंच म्हणाला. त्यानंतर दीड वर्ष आम्ही शेजारी बसून काम केलं, पण कामापलीकडे तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मी त्याला ते बोलले नव्हते. त्याने मात्र ते ऐकलं होतं.

*

झालं होतं ते असं. विम हा प्रोग्रामर मंडळींचा जुना टेक्स्ट एडिटर. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरने तो 1991 मध्ये लोकांसमोर आणला. तुम्ही एखादी फाइल उघडलीत की विम तिच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये, आणखी एक फाइल तयार करतो. तिला स्वॅप फाइल म्हणतात. तुम्ही 200 अक्षरं टाइप केलीत किंवा 4 सेकंद थांबलात की तुमचं लिखाण त्या स्वॅपमध्ये उतरतं. नीट बाहेर पडलात तर विम ती फाइल पुसतो. पण कनेक्शन तुटलं, वीज गेली, मशीन बंद पडलं, तर ती तिथेच राहते. राहावी म्हणूनच तर ती बनवलेली असते. पुढच्या वेळी कुणीही मूळ फाइल उघडली की विम थांबवून सांगतो: इथे एक स्वॅप फाइल सापडली आहे, तिचा मालक अमुक, मशीन अमुक, तारीख अमुक. काय करू? तशीच उघडू, रिकव्हर करू, की पुसून टाकू?

म्हणजे विमने नेमून दिलेलं काम चोख केलं. लीडनेही चोरून काही वाचलं नाही. कुणाच्या तरी डिप्लॉयमेंटच्या पायऱ्या हरवल्या असतील असं वाटून त्याने भल्या मनाने एक बटण दाबलं. आणि तरीही जे व्हायला नको होतं ते झालं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. वरवर तो सेटिंग्जच्या पानावरचा वाटतो: एडिटरने आपोआप जपलेली फाइल नेमकी कुठे ठेवावी? पण तुमचं अर्धवट, न ठरलेलं बोलणं कुणाच्या हाती लागू शकतं, हे त्या जागेवरून ठरतं.

शाळेत आपल्या दोन वह्या असायच्या, रफ आणि फेअर. फेअर वही बाई तपासायच्या. रफ वहीत चुकलेली गणितं, फुल्ली-गोळा, मैत्रिणीला लिहिलेल्या चिठ्ठ्या, सगळं चालायचं. बाईंनी कधी अचानक "रफ वह्या काढा" म्हटलं की अख्खा वर्ग गप्प व्हायचा. त्या वहीत काही गुन्हा लिहिलेला नसायचा. फक्त ती दाखवायची वही नव्हती. ऑटोसेव्ह ही आपली रफ वही आहे. फरक एवढाच की ती कुठल्या दप्तरात आहे हे आपल्याला माहीत नसतं.

*

पहिली जागा अगदी सरळ आहे: मूळ फाइलच. थोडं थांबलात की एडिटर तिच्यावरच लिहून टाकतो. गूगल डॉक्सची सवय झालेल्या आपल्या पिढीला हेच नैसर्गिक वाटतं. अ‍ॅपलने 2011 मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीत हे आणलं आणि मेनूतून 'सेव्ह अ‍ॅज' काढून 'डुप्लिकेट' ठेवलं. लोक वैतागले, कारण त्यांची जुनी पद्धत वेगळी होती. मागच्या वर्षीचं पत्र उघडायचं, नाव आणि तारीख बदलायची आणि मग 'सेव्ह अ‍ॅज' करून नवं नाव द्यायचं. आता नवं नाव देईपर्यंत जुनं पत्रच बदललेलं असे. मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय होती, पण आपण काही बदललंय हेच लक्षात आलं नाही तर परत कोण जाणार? पुढच्याच वर्षी 'सेव्ह अ‍ॅज' परत आलं, तेही ऑप्शन की दाबल्यावर दिसणारं.

ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरची भूमिका याच्या अगदी उलट आहे. तो डीफॉल्टमध्ये दर 300 कीस्ट्रोकनंतर किंवा 30 सेकंद हात थांबला की जपतो, पण मूळ फाइलला हात लावत नाही. तुम्ही कायम करायचे ठरवले नसतील ते बदल मूळ फाइलमध्ये जाऊ नयेत, असं कारण त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलं आहे. मला हे पटतं. सेव्ह दाबणं ही एक प्रकारची सही आहे. हात थांबला म्हणजे सही झाली, असं कुणी आपल्या वतीने ठरवू नये.

दुसरी जागा म्हणजे शेजारी, विमसारखी. ईमॅक्सही डीफॉल्टमध्ये शेजारीच ठेवतो, नावाच्या दोन्ही बाजूंना हॅशची खूण लावून. याचे फायदे खरे आहेत. फोल्डर दुसरीकडे हलवलं तर जपलेली प्रतही सोबत जाते, आणि शोधायला कुठे लांब जावं लागत नाही.

तोटेही तितकेच खरे आहेत. वेब सर्व्हरवर पीएचपीची फाइल मागितली तर सर्व्हर ती चालवून फक्त निकाल पाठवतो, आत लिहिलेला डेटाबेसचा पासवर्ड बाहेर दिसत नाही. पण तीच फाइल सर्व्हरवर विममध्ये उघडली असताना कनेक्शन तुटलं, तर शेजारी राहिलेली स्वॅप पीएचपी म्हणून ओळखली जात नाही. सर्व्हर नीट बांधलेला नसेल तर जो मागेल त्याला ती जशीच्या तशी देऊन टाकतो. अशा फाइली शोधत फिरणारे लोक आहेत. म्हणूनच गिट वापरणारे कित्येक जण स्वॅप फाइली वगळण्याची एक ओळ आधीच लिहून ठेवतात.

टिंबाने सुरू होणारं नाव असल्यामुळे ही फाइल साध्या यादीत दिसत नाही, हे उत्तर पुरेसं नाही. युनिक्सच्या जडणघडणीत असलेल्या रॉब पाइक यांनी 2012 मध्ये लिहिलं होतं की टिंबवाल्या फाइली लपणं हा मुळात अपघात होता. फोल्डर आणि त्याच्या वरचं फोल्डर यांच्या एक टिंब, दोन टिंब अशा नोंदी यादीत नकोत म्हणून कुणीतरी नुसतं पहिलं अक्षर टिंब आहे का एवढं तपासलं, आणि टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल यादीतून गायब झाली. पडद्याआड ठेवलेल्या वस्तूला कुलूप लागलेलं नसतं.

फोनवर हेच रोज घडतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अर्धवट लिहून बाहेर आलात की चॅटच्या यादीत त्या नावाखाली 'ड्राफ्ट' असं येतं आणि पुढे पहिले काही शब्द. ज्या घरात एक फोन तिघं वापरतात, तिथे ते पहिले काही शब्द पुरेसे असतात.

तिसरी जागा टेम्प नावाचं फोल्डर. नावातच तात्पुरतेपणा आहे. मशीन रीस्टार्ट झालं की ते रिकामं होऊ शकतं, आणि आपल्याला जपलेली फाइल हवी असते ती नेमकी रीस्टार्टनंतरच. विमचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात लिहिलेला एडिटर. तो आपली कामचलाऊ प्रत टेम्पमध्येच ठेवायचा. पण त्याच्यासोबत आणखी एक छोटा प्रोग्राम असायचा. सिस्टिम कोसळून पुन्हा सुरू झाली की तो अशा अर्धवट प्रती उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये सांभाळून ठेवायचा आणि ज्याचं लिखाण त्यालाच मेल पाठवायचा: तुमची फाइल वाचवली आहे, ती अशी परत मिळवा.

मला ही गोष्ट फार आवडते. सापडलेली वस्तू चौकात मांडून ठेवायची नाही, मालकाला निरोप द्यायचा. त्या काळी एकेका मशीनवर अनेक लोक काम करायचे, त्यामुळे कुणाचं काय हा विचार त्यांना टाळता येणार नव्हता.

चौथी जागा म्हणजे वापरणाऱ्याचं स्वतःचं घर. होम डिरेक्टरीत एक फोल्डर, जे फक्त तुम्हाला वाचता येतं. विमचाच नवा अवतार निओविम डीफॉल्टमध्ये हेच करतो. मूळ फाइलचा अख्खा पत्ता स्वॅपच्या नावात गुंफतो, म्हणजे दोन वेगळ्या फोल्डरांतल्या एकाच नावाच्या फाइलींची गल्लत होत नाही. विंडोजवरचा नोटपॅड++ सुद्धा आपल्या जपलेल्या प्रती वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतो. यात तोटा विस्मरणाचा. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही काही लिहिलंत, पेन ड्राइव्ह काढून निघून गेलात, पण मशीनच्या पोटात तुमची एक प्रत राहिली. तुम्ही कुठे लिहिलं हे तुम्हाला माहीत होतं. एडिटरने कुठे लिहिलं हे माहीत नव्हतं.

पाचवी जागा कंपनीचा सर्व्हर. इथे घर तुमचं नसतंच, तुम्ही भाडेकरू. 2013 मध्ये सौविक दास आणि अ‍ॅडम क्रेमर यांनी फेसबुकवरच्या 39 लाख लोकांचा 17 दिवसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक लिहायला सुरुवात करतात आणि पोस्ट न करता सोडून देतात, असं किती वेळा होतं? त्या 17 दिवसांत 71 टक्के लोकांनी निदान एकदा तरी असं केलं होतं. काय लिहिलं होतं ते आम्ही घेतलं नाही, फक्त लिहिलं होतं की नाही एवढंच मोजलं, असं त्यांनी स्पष्ट केलं, आणि त्यावर शंका घ्यायचं मला कारण नाही. पण तुम्ही गिळलेलं वाक्य मोजता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

*

मग उत्तर चौथं, घरात ठेवा आणि विषय संपला? मलाही बराच काळ असंच वाटायचं. पण यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की शेजारी ठेवलेली स्वॅप फाइल एकाच वेळी दोन कामं करते. एक, तुमचं लिखाण वाचवते. दोन, पुढच्या माणसाला सांगते की आत कुणीतरी आहे. ती माझ्या घरात नेऊन ठेवली, तर तीच फाइल स्वतःच्या लॉगिनने उघडणाऱ्या सहकाऱ्याला मी तिथे काम करतेय हे कळणार नाही. दोघंही लिहीत बसू, आणि जो शेवटी सेव्ह करेल तो दुसऱ्याचं काम पुसू शकेल. म्हणजे माझी गोपनीयता जपताना मी शेजारधर्म मोडला.

यावर उपाय आपल्या दारातच असतो. कुणाच्या घरी गेलो आणि बाहेर चपला दिसल्या की कळतं, आत कुणी आलंय. किती जण आलेत हेही साधारण कळतं. आत काय बोलणं चाललंय ते मात्र चपलांवरून कळत नाही. ईमॅक्सने ही दोन कामं आधीपासून वेगळी ठेवली आहेत. तो मूळ फाइलशेजारी कुलपाची एक छोटी खूण ठेवतो, तिच्यात फक्त कोण, कुठल्या मशीनवरून, एवढंच. मजकुराची प्रत वेगळ्या फाइलमध्ये असते, आणि सेटिंग बदलून ती घरात नेता येते. लिबरऑफिसही अशीच खूण फाइलशेजारी ठेवतं आणि वाचवलेला मजकूर वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये. हे मला बरोबर वाटतं. हजेरी सगळ्यांना दिसावी, मजकूर फक्त मालकाला.

दुसरी अडचण जास्त जड आहे. माझ्या गोष्टीत स्वॅप घरात असती तरी काही फरक पडला नसता. सात जणांचं लॉगिन एकच होतं, म्हणजे घरही एकच होतं. विमने त्या सूचनेत मालकाचं नाव दाखवलं असणारच, आणि ते नाव आम्हा सातही जणांचं होतं. ज्या घरात एकच खोली आहे तिथे डायरी कुठे ठेवायची, याला कपाटाची जागा बदलणं हे उत्तर नाही. एडिटर लिहिणारा कितीही विचारी असला तरी त्याचा विचार 'प्रत्येकाची आपली एक जागा असते' या गृहीतकावर उभा असतो. ती जागा देणं हे टीमचं, ऑफिसचं, घरातल्या मोठ्यांचं काम. आमच्या ऑफिसने सहा लॉगिन बनवायचा अर्धा तास वाचवला होता.

*

या प्रश्नाची दुसरी बाजू मला बाबांमुळे कळली.

आजी गेल्यानंतर बाबा तिच्यावर काहीतरी लिहीत होते, नातेवाइकांना वाटायला. दोन बोटांनी टाइप करतात, तासाला एक पान. एका दुपारी वीज गेली आणि त्यांचा जुना डेस्कटॉप बंद पडला. बाबा नुसते बसून राहिले. मी मशीन पुन्हा सुरू केलं, प्रोग्राम उघडला, आणि दर दहा मिनिटांनी आपोआप जपलेली प्रत समोर आली. जवळजवळ सगळं होतं. उलट एक परिच्छेद जास्तच होता. बाबांनी तो लिहिला होता, प्रोग्रामने जपला होता, मग बाबांनी खोडला होता, आणि पुढची दहा मिनिटं भरायच्या आत वीज गेली होती.

आजीच्या शेवटच्या आठवड्यात ते गावी का गेले नाहीत, याबद्दल होता तो. आम्हाला सांगितलेलं कारण वेगळं होतं.

मी म्हटलं, "बाबा, सगळं मिळालं. एक परिच्छेद जास्तीचा आलाय, तुम्ही बघा."

त्यांनी वाचलं. "हा मी काढला होता."

"मग काढू का?"

"काढ."

मी काढला. पण मी तो वाचला होता, आणि मी वाचलाय हे त्यांना कळलं होतं. त्या क्षणी मला आमचा टीम लीड आठवला. त्यालाही ते वाक्य नको असणार. बटण दाबलं आणि समोर आलं. एकदा वाचल्यावर न वाचलेलं होता येत नाही.

ईमॅक्समध्ये एक बारीकशी सोय आहे. मोठ्या फाइलमधून तुम्ही बराच मजकूर एकदम उडवलात, तर तो त्या फाइलचं ऑटोसेव्ह तात्पुरतं थांबवतो. मजकूर चुकून उडाला असेल तर जपलेल्या प्रतीत तो अजून असावा, हा हेतू. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर ठरत असणार. पण चुकून खोडलेलं आणि विचार करून खोडलेलं, यातला फरक कुठल्याही एडिटरला दिसत नाही. तो सगळं खोडलेलं हरवलेलंच समजतो. म्हणून जागा कितीही योग्य निवडली तरी शेवटचा प्रश्न मालकालाच विचारायला हवा, आणि मजकूर उघडण्याच्या आधी विचारायला हवा.

या दोन प्रसंगांनंतर माझं मत असं बनलंय. आपोआप जपलेलं मूळ फाइलवर लिहू नये. सामायिक जागेत फक्त हजेरीची खूण असावी. मजकूर मालकाच्या घरात असावा, रीस्टार्टमध्ये न पुसला जाणाऱ्या जागी. ती जागा एडिटरने स्वतःहून सांगावी, पुसायचं बटणही तिथेच द्यावं. आणि सापडलेलं परत देताना व्हीआयच्या त्या छोट्या प्रोग्रामसारखं आधी मालकाला कळवावं.

आता माझ्या हाताखाली दोन नवी मुलं आहेत. नवा सर्व्हर आला तेव्हा मी पहिल्यांदा प्रत्येकाचं वेगळं लॉगिन बनवलं आणि प्रत्येकाच्या विमची स्वॅप त्याच्या त्याच्या घरात वळवली. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅम, पाच जणांसाठी एवढं कशाला? आपल्यात काय लपवायचंय?" मी त्याला नोट्सच्या फाइलची गोष्ट सांगितली. लीडच्या इंग्रजीवरचं ते वाक्य मात्र सांगितलं नाही. ते मी तेव्हाही सेव्ह केलं नव्हतं.